आमेनचे देणे

सामूहिक प्रार्थनेविषयी आपल्याकडे दोन मते चालतात आणि दोन्ही उथळ आहेत. पहिले श्रद्धाळूंचे. एकाने मागितले तर देव ऐकतो, हजारांनी मागितले तर त्याला ऐकावेच लागते. मग मैदान, मांडव, ध्वनिक्षेपक, बरे झालेल्यांच्या साक्षी, आणि या सगळ्याला आधार म्हणून 'आरंभीच्या मंडळीत असेच होत असे' हे ठरलेले वाक्य. दुसरे मत चिकित्सकांचे. माणसे दाटीने जमली, एका सुरात गाऊ लागली की अंगावर काटा येतो. त्या काट्याला भाविक लोक देव म्हणतात, एवढीच प्रार्थनेची करामत. हे दोन पक्ष एकमेकांना मूर्ख समजतात, पण दोघेही मोजतात तो तास एकच, प्रार्थना चालू असतानाचा.

माझे म्हणणे असे की पहिल्या तीन शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या एकत्र प्रार्थनेचे सामर्थ्य तो तास संपल्यावर लागू होणाऱ्या देण्यात होते. ज्याच्या जोडीने आमेन म्हटले त्याची भाकर, त्याचा तुरुंगवास, त्याची पोरे, त्याचे दफन हे सगळे म्हणणाऱ्याच्या खात्यावर पडे. ते देणे वजा केले की मागे उरते ती गर्दी, मग ती कितीही भाविक असो.

१. एक कवी, एक पालखी आणि रविवारची मंडळी

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात प्रार्थनेचे तीन नमुने शेजारी शेजारी नांदतात. पहिला मोरोपंतांचा. बारामतीच्या या पंडित कवीची 'केकावली' म्हणजे एकट्या भक्ताने देवापाशी केलेला आर्त धावा. त्यात मधे कोणी नाही. भक्त, देव आणि त्यांचा हिशेब. दुसरा नमुना दरवर्षी आषाढीच्या वाटेवर येतो. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी मुक्काम करत सराटीकडे जाते. काटेवाडीत मेंढ्यांचे, बेलवाडीत घोड्याचे रिंगण होते. तिसरा नमुना लहान आहे आणि बहुतेकांच्या नजरेत येत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ क्राइस्ट'चे मिशनरी बारामतीत आले. हा पंथ अमेरिकेत स्टोन आणि कॅम्पबेल पितापुत्रांच्या चळवळीतून निघाला. नंतरच्या शतकांनी चढवलेली पुटे काढून प्रेषितांच्या काळातली मंडळी पुन्हा उभी करायची, हा त्याचा ध्यास. दर रविवारी प्रभुभोजन, उपासना साधी, सामान्य सभासदांच्या हाती बरेचसे काम. आरंभीच्या मंडळीचा विषय बारामतीला परका नाही तो यामुळे. तिचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनीच इथल्या मंडळीचा पाया घातला.

केकावलीला हजाराने गुणले तर सामूहिक प्रार्थना होते, ही समजूत सोडल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. हजार माणसे एका मांडवात बसून आपापल्या गुडघेदुखीसाठी मागत असतील तर त्या हजार वैयक्तिक प्रार्थना आहेत. एका छपराखाली झाल्या, इतकेच.

२. त्यांनी मागितले काय

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान धमक्या ऐकून सुटून येतात, आणि सगळे जमून प्रार्थना करतात. आपण असतो तर संरक्षण मागितले असते. त्यांनी मागितले ते धमक्यांपुढे बोलत राहण्याचे धैर्य. जागा हादरली असे पुढे लिहिले आहे, आणि प्रवचनकार बहुधा तिथेच थांबतात. पण लगेच पुढच्या ओळींत काय आहे? कोणीही आपल्या मालमत्तेला आपली म्हणत नव्हता, शेते आणि घरे विकून आलेले पैसे प्रेषितांच्या पायांशी येत होते आणि गरजेप्रमाणे वाटले जात होते. बर्णबाने शेत विकल्याची नोंद तिथलीच. लेखकाच्या लेखी भूकंप आणि सातबारा ही एकाच घटनेची दोन टोके आहेत.

बारावा अध्याय तर श्रद्धाळूंच्या गणिताला सरळ अडवतो. हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो, मग पेत्राला तुरुंगात टाकतो. मंडळी रात्रभर मार्कची आई मरिया हिच्या घरी प्रार्थना करत बसते, पेत्र सुटून दारात येतो, आणि आत बसलेले लोक निरोप आणणाऱ्या दासीलाच वेडी ठरवतात! ज्यासाठी मागत होते ते मिळाले यावर त्यांचाच विश्वास बसेना. अध्यायाच्या सुरुवातीला मारला गेलेला याकोब आणि पुढे सुटलेला पेत्र, दोघेही याच मंडळीचे. सुटका झाली की प्रार्थना समर्थ, मरण आले की दुबळी, असा हिशेब या पुस्तकात कुठेही मांडलेला नाही.

३. आमेन ही जामीनदाराची सही

करिंथच्या मंडळीला पौल एक अट घालतो. प्रार्थना करणारा कितीही उन्मनी अवस्थेत असो, ती समोरच्या साध्या माणसाला कळली नाही तर त्याने आमेन म्हणायचे कसे? म्हणजे प्रार्थनेचे खरेपण म्हणणाऱ्याच्या भावावस्थेवर सोडलेले नाही. ऐकणाऱ्याची समजून-उमजून दिलेली संमती लागते. सुमारे १५५ साली रोममध्ये जस्टिनने सम्राटाला उद्देशून लिहिलेल्या ख्रिस्ती धर्माच्या समर्थनात हेच चित्र येते. रविवारी गावातले आणि शिवारातले सगळे एका ठिकाणी जमतात, वाचन होते, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, अध्यक्ष बोलतो आणि लोक आमेन म्हणतात. मग ज्यांना जमेल ते ऐपतीप्रमाणे देतात. ती रक्कम अध्यक्षाजवळ राहते आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेले यांच्यावर खर्च होते. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी प्रभुभोजनाचा वाटा पोचवला जातो.

पतसंस्थेच्या कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही केलेल्या कोणालाही हे लगेच कळेल. कर्ज दुसऱ्याचे असते, सही आपली असते आणि हप्ता थकला की नोटीस आपल्या घरी येते. आरंभीच्या मंडळीतले आमेन या जातीचे होते. १९७ च्या सुमारास कार्थेजमध्ये तर्तुलियन लिहितो की आम्ही फौजेसारखे एकजुटीने देवाला प्रार्थनेचा वेढा घालतो. आणि त्याच ओघात खर्चाची बाजू सांगतो: गरिबांचे दफन, आईबाप नसलेली मुले, थकलेले गुलाम, जहाज फुटून आलेले, खाणींत आणि बेटांवर धाडलेले कैदी. 'वेढा' हा शब्द उचलून भाषणे पुष्कळ झाली, दफनखर्चाचा उल्लेख मात्र सहसा ऐकू येत नाही. त्याच शहरात अर्धशतकानंतर बिशप सिप्रियानने प्रभूच्या प्रार्थनेवर लिहिताना सांगितले की ख्रिस्ती माणूस एकटा असतानासुद्धा फक्त स्वतःपुरती भाकर मागू शकत नाही, कारण ती प्रार्थना सगळ्या लोकांची आहे. साथ आली तेव्हा याच सिप्रियानने मंडळीबाहेरच्या लोकांचीही सेवा करायला सांगितले.

सही करण्याआधी भांडण मिटवायचे, हीही अट होती. 'दिदाखे' या फार जुन्या पुस्तिकेत स्पष्ट आहे की सोबत्याशी वितुष्ट असणाऱ्याने समेट होईपर्यंत जमावात येऊ नये. तिसऱ्या शतकातल्या सिरियाकडच्या 'दिदास्कालिया'त तर त्याची व्यवस्था लावली आहे: वाद सोमवारी ऐकावेत, म्हणजे रविवारपर्यंत निकाल लावायला आठवडा हाताशी राहतो. बांधावरून तीन पिढ्या न बोलणारी भावकी एकाच बाकावर बसून डोळे मिटते, हे ज्याने इंदापूर तालुक्यात काय किंवा आणखी कुठे पाहिले असेल, त्याला सोमवारचे हे न्यायासन किती कडक असेल याची कल्पना येईल. त्याच ग्रंथात आहे की सभा चालू असताना प्रतिष्ठित माणूस आला तर बिशपने बोलणे थांबवू नये, पण गरीब म्हातारा आला आणि जागा नसेल तर बिशपने स्वतः जमिनीवर बसावे लागले तरी त्याला जागा करून द्यावी.

(नारायण वामन टिळकांची मराठी ख्रिस्ती पदे मला या दृष्टीने महत्त्वाची वाटतात. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले ते नुसते गोड लागावे म्हणून नव्हे. गावच्या माणसाला कळून आमेन म्हणता आले पाहिजे, ही पौलाची अट त्यामुळे पुरी झाली.)

४. पहाटेची वेळ आणि दोन दासी

या सगळ्याला बाहेरचा साक्षीदार आहे, आणि तो विरोधी पक्षातला असल्याने त्याची किंमत जास्त. ११२ च्या सुमारास बिथिनियाचा रोमन अधिकारी धाकटा प्लिनी सम्राट ट्राजानला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गातात, आणि शपथेने स्वतःला बांधून घेतात. ती शपथ गुन्ह्याची नसते. चोरी, लूट, व्यभिचार करायचा नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही, ठेव परत मागितली तर नाकारायची नाही. नंतर पुन्हा जमून साधे जेवतात. हे जेवण त्यांनी त्याच्या मंडळबंदीच्या हुकमानंतर सोडले, असेही तो नोंदवतो. खरे काय ते काढण्यासाठी त्याने दोन दासींचा छळ केला. त्या मंडळीत सेविकेच्या पदावर होत्या.

ठेव परत देण्याची शपथ! गावात कोणाकडे दागिने ठेवावेत हे आपल्याला जसे तोंडपाठ असते, तसा हा मामला आहे. जिला मालक विकू शकतो ती बाई सभेत पदावर आहे, हे त्या अधिकाऱ्याला बहुधा अंधश्रद्धेहूनही विचित्र वाटले असावे.

पहाटेच का? रविवार सुटीचा झाला तो कॉन्स्टंटाइनच्या ३२१ च्या हुकमाने. त्याआधी गुलामाला आणि मजुराला कामाला जायचे असे, तेव्हा सभा त्यांच्या सवडीने भरे. आज आपल्या बहुतेक चर्चची वेळ पगारदाराला सोयीची आहे. ऊसतोडीच्या टोळीतल्या किंवा बारामतीच्या एमआयडीसीत रविवारची पाळी लागलेल्या माणसाने कधी यायचे, याचा विचार ती वेळ ठरवताना झालेला दिसत नाही.

५. दार बंद का असे

खुल्या मैदानातल्या सभांना आरंभीच्या मंडळीचा दाखला चालत नाही, याचे आणखी एक कारण आहे आणि ते आजच्या कानांना रुचणारे नाही. शिकवण घेणाऱ्या पण बाप्तिस्मा न झालेल्या उमेदवारांना विश्वासणाऱ्यांच्या सामाईक प्रार्थनेत घेत नसत. त्यांची प्रार्थना वेगळी, सलोख्याची खूण म्हणून एकमेकांना दिले जाणारे शांतीचे चुंबनही त्यांना नाही. प्रवचन सर्वांना खुले, प्रार्थना मात्र देणे पत्करलेल्यांची. जागाही लहान असत. युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपस इथे तिसऱ्या शतकातले घर सापडले आहे, दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी केलेले. त्यात साठ-सत्तर माणसे मावतील. एवढ्यांत कोण आले नाही हे लगेच कळते आणि का आले नाही हे विचारायला जावे लागते. संख्या वाढवणे हे प्रार्थनेचे बळ वाढवणे असते, तर दारावर हा पहारा कशाला ठेवला असता?

६. आक्षेप पहिला: हे तर समाजशास्त्र झाले

कोणी म्हणेल की एकत्र विधी केल्याने समाज घट्ट होतो हे समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १९१२ मध्येच सांगून ठेवले. यात ख्रिस्ती असे काय? आक्षेपातला पूर्वार्ध मान्य. पण समाज घट्ट होतो म्हणजे कोणता समाज? आधीचाच आणखी घट्ट होतो, की नवा जुळतो? प्रार्थनेने आपोआप नवा समाज जुळत असता तर महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास वेगळा झाला असता.

१८४९ मध्ये मुंबईत परमहंस मंडळी निघाली. गुप्तपणे जमायचे, एकेश्वराची प्रार्थना करायची, आणि सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा. प्रार्थना आणि पंगत दोन्ही होते, पण चव्हाट्यावर उभे राहण्याची तयारी नव्हती. १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही पळवली गेली आणि मंडळी विस्कटली. त्या अनुभवातून शहाणे होऊन १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे, साप्ताहिक उपासना, उत्तम व्याख्याने. मात्र सभासद होण्यासाठी जात मोडण्याची अट ठेवली नाही. पहिल्यांकडे देणे होते, धैर्य नव्हते. दुसऱ्यांनी देणे ऐच्छिक केले. याच समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यवर्गासाठी मिशन काढले, हे विसरून चालणार नाही. पण ते काम शिंद्यांनी वेगळी संस्था काढून केले, रविवारच्या उपासनेतून ते आपसूक वाहत आले नाही.

वारीचेही तेच. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि 'वाटचाल' या लेखात त्यांनी लिहिले की दिवसभर एका दिंडीत गाणारी माणसे जेवायला मात्र जातवार वेगळी बसतात. त्यांना त्याचे फार वाईट वाटले. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार दलितांना उघडण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. शतकानुशतकांच्या सामूहिक नामगजराने ते उघडले नव्हते. मी वारीला कमी लेखत नाही. तिच्याइतके मोठे एकत्र गाणे दुसरे नसेल. म्हणूनच ती या मुद्द्याची सर्वांत कडक परीक्षा आहे: नुसत्या सुराने देणे जन्माला येत नाही.

७. आक्षेप दुसरा: मग केडगावचे काय?

बारामतीच्या शेजारी, दौंड तालुक्यात केडगावला, १९०५ मध्ये जे घडले ते माझ्या म्हणण्याविरुद्ध पुढे केले जाईल. पंडिता रमाबाईंनी जानेवारीत आपल्या आश्रमातल्या मुलींना रोज प्रार्थनेला जमायला सांगितले. सुरुवातीला सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत संख्या पाचशेवर गेली आणि महिनाअखेर उधाण आले. रडणे, पापकबुली, रात्र रात्र एकदम मोठ्याने चाललेली प्रार्थना, अंगात अग्नी पेटल्याचे अनुभव. तिथल्या मिशनरी मिनी एब्रम्सच्या लेखनामुळे ही हकीकत जगभर गेली. आजही केडगावचे नाव निघाले की अग्नीचीच चर्चा होते.

मला त्या अग्नीविषयी शंका घ्यायची नाही. पण प्रार्थना करणाऱ्या कोण होत्या? १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून रमाबाईंनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून उचलून आणलेल्या मुली आणि विधवा. वेगवेगळ्या जातींच्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या. त्या वर्षानुवर्षे एका चुलीवरचे खात होत्या, शेतात, मागावर आणि छापखान्यात एकत्र राबत होत्या, एकमेकींच्या आजारपणात उठबस करत होत्या. देणे आधी पत्करलेले होते. प्रार्थना त्यावर उभी राहिली. आणि उधाणानंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या खेड्यांत निघाल्या. केडगावचा अग्नी नेऊन दुसरीकडे पेटवू पाहणाऱ्यांनी त्याआधीची आठ वर्षेही न्यावीत. ती वर्षे कोणी नेत नाही, कारण ती मांडवात मावत नाहीत.

८. आक्षेप तिसरा: चर्चमध्ये तरी जात कुठे गेली?

हा आक्षेप सर्वांत जड आहे आणि मला तो खोडता येत नाही, खोडायचाही नाही. करिंथमध्ये पैसेवाले आधी येऊन जेवून घेत, कष्टकरी उशिरा उपाशी पोचत. पौलाने त्यांना सुनावले की हे प्रभूचे भोजन नव्हेच. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी, असे बसवणाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत. म्हणजे पहिल्या शतकातच हे घडत होते. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी भारतीय ख्रिस्ती समाजावर लिहिताना धर्मांतराने जातिभेद मोडला नाही, हे रोखठोक दाखवले. अहमदनगर भागातल्या मंडळ्यांत महार आणि मांग समाजांतून आलेल्यांमधले अंतर पिढ्यान्‌पिढ्या टिकले, हे कोणी नाकारणार नाही.

बारामतीपुरते आणखी एक टोचणारे उदाहरण आहे. गुन्हेगार जमाती कायद्याखालची वसाहत इथे होती आणि तिच्या कारभारात मिशनरी होते. त्यांचा हेतू सुधारणेचा असेल. शाळा, काम, औषध मिळाले असेल. पण अशा वसाहतींत माणसाला हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून बाहेर जाता येत नसे. ज्याच्या हाती हजेरीपट आहे आणि ज्याचे नाव त्यात आहे, ते दोघे एकत्र गुडघ्यांवर आले तरी त्यांचे आमेन एक होत नाही. एकजण दुसऱ्याला जामीन नाही, पहारेकरी आहे. आरंभीची मंडळी पुन्हा उभी करायला निघालेल्या पंथाच्या हे ध्यानात यायला हवे होते. तो कायदा रद्द झाला १९५२ मध्ये.

तरीही या अपयशांनी माझा सिद्धान्त पडत नाही, उलट त्यांतच त्याची कसोटी लागते. करिंथला किंवा याकोबाच्या वाचकांना प्रार्थना कमी पडली असे कोणी म्हटले नाही. त्यांच्यावरचा आरोप देणे बुडवल्याचा होता. चौथ्या शतकात राजाश्रय मिळाल्यावर सभा मोठमोठ्या वास्तूंत गेली आणि हळूहळू लोक प्रेक्षक झाले. प्रार्थना तीच होती, शब्दही बहुतेक तेच.

९. जमाखर्च आधी

बारामती, इंदापूर, दौंडकडच्या लहान मंडळ्यांना मोठ्या सभांशी स्पर्धा करता येत नाही, याचे त्यांना वाईट वाटते असे दिसते. तरुण पोरे मोठ्या वाद्यवृंदाकडे ओढली जातात, पाळकाला उणे वाटते. पण तीस-चाळीस माणसांची मंडळी ही दुरा-युरोपसच्या घराच्या मापाची आहे. तिच्याकडे जे आहे ते मैदानाकडे असूच शकत नाही: कोणाच्या घरी काय जळते आहे, हे सगळ्यांना माहीत असते.

माझी सूचना साधी आहे. रविवारच्या उपासनेत मध्यस्थीच्या प्रार्थनेत नावे घेण्याची रीत आहे: अमुक आजारी, तमुकाला नोकरी नाही, एकीच्या नवऱ्याचे दारूने वाटोळे झाले. ती नावे घेण्याआधी गेल्या रविवारी घेतलेल्या नावांचे काय झाले ते वडीलजनांनी वाचून दाखवावे. रुग्णालयात कोण गेले, फीचे पैसे कोणी भरले, नोकरीसाठी कोणी शब्द टाकला. कोणीच काही केले नसेल तर तेही वाचावे. आणि दोघांत वाद असेल तर सोमवारी त्यांना बोलवावे.

पाळक म्हणतील की लोक दिलासा घ्यायला येतात, हिशेब ऐकायला नाही. असे वाचू लागलो तर पुढच्या रविवारी निम्मे बाक रिकामे होतील. होतील कदाचित. जस्टिनच्या मंडळीत मात्र प्रार्थना आणि पैशाची पेटी एकाच सभेत, एकाच छपराखाली होत असत, आणि त्यांतले बरेचसे लोक तिथून उठून मालकाच्या कामावर जात असावेत.